वस्त्रगाळ पाणी आणि नवापूरचा किनारा

बोईसरच्या जैन घरात सकाळी नळाला पाणी आले की पहिले काम ठरलेले असते. नळाच्या तोंडाशी दुहेरी घडीचे जाड सुती वस्त्र बांधायचे, पाणी गाळून भांड्यात घ्यायचे आणि वस्त्रावर जे राहिले ते गाळलेल्याच पाण्याने अलगद खंगाळून, ज्या जलाशयाचे पाणी त्याच जलाशयात परत पोहोचवायचे. गावोगावी विहिरी होत्या तेव्हा हे शेवटचे काम सोपे होते. बादली हलक्या हाताने विहिरीत उतरवली की नियम पाळला जाई. नळ आले आणि पाण्याचे मूळ कुठे आहे हे सांगणे कठीण झाले. गाळण्याची पहिली अर्धी रीत घरोघरी टिकली, परत पोहोचवण्याची दुसरी अर्धी बहुतेक ठिकाणी सुटली.

बोईसरपुरते मूळ शोधायचे तर ते सूर्या नदीत सापडते. धामणी आणि कवडास येथे अडवलेले सूर्येचे पाणी मुळात आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी होते. आज ते पालघर-बोईसरच्या घरांत येते, वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या मोठ्या योजनांना पुरते आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतही जाते. वसाहतीत ते कापड रंगवण्याच्या यंत्रांतून, बॉयलरमधून, रसायनांच्या आणि औषधांच्या टाक्यांतून फिरते. नंतर सांडपाणी होऊन सामुदायिक प्रक्रिया केंद्रात पोहोचते आणि तिथून नलिकेने नवापूरच्या किनाऱ्याकडे, समुद्रात. स्वयंपाकघरातील पाणी आणि नवापूरला बाहेर पडणारे पाणी एकाच नदीचे आहे. पहिल्यासाठी घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा आचार आहे. दुसऱ्यासाठी, त्याच घराच्या व्यवसायात, फार तर नियामक मंडळाच्या संमतिपत्राची एक फाईल आहे.

सांडपाणी आणि हवामानबदल हे दोन वेगळे विषय वाटतात. कारखान्याच्या आत उभे राहिले की ते एक होतात. कापड रंगवायला पाणी उकळत्या तापमानाला, कधी त्याही वर न्यावे लागते. त्यासाठी वाफ लागते आणि वाफेसाठी कोळसा. जुन्या विंच यंत्रात एक किलो कापडामागे वीस लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी एका वेळी भरावे लागे. नव्या सॉफ्ट-फ्लो यंत्रांत ते सहा-आठ लिटरवर येते. जे बारा लिटर वाचले ते गाळावे लागत नाही, शुद्ध करावे लागत नाही आणि मुख्य म्हणजे तापवावे लागत नाही. पाण्याचा अपव्यय हाच तेथे कोळशाचा अपव्यय असतो.

अणुवीज आणि कोळसा

तारापूर हे नाव देशाला ठाऊक झाले ते अणुवीज केंद्रामुळे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी येथील पहिल्या दोन संचांनी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. भारतातील ती पहिली अणुवीज. पुढे ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच आले आणि त्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. कोळसा न जाळता वीज निर्माण करणाऱ्या या केंद्राच्या शेजारीच औद्योगिक वसाहत वाढली. तिथे कापड, रसायने, औषधे, पोलाद यांचे हजाराच्या घरात कारखाने आहेत आणि त्यांतील बऱ्याच बॉयलरांत कोळसाच जळतो. एकाच नावाखाली नांदणारा हा विरोधाभास बोईसरकरांना इतका सवयीचा झाला आहे की त्याकडे कुणाचे लक्षही जात नाही.

या वाढीबरोबर राजस्थान, गुजरात आणि कच्छमधून आलेल्या व्यापारी कुटुंबांचाही विस्तार झाला. आधीच्या पिढ्यांचा व्यवहार भात, गवत, लाकूड आणि किराण्याचा. नव्या पिढीने रंग-रसायने, पॅकिंग, यंत्रांचे सुटे भाग, मालवाहतूक, कापडाचे जॉबवर्क यांत पाय रोवले. काहींनी स्वतःचे कारखाने काढले. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत आल्या, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला आणि बोईसरच्या दुकानांचे भाडे वर चढले.

त्याच काळातील आणखी एक आकडा मात्र व्यापारी संमेलनांत उच्चारला जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशातील औद्योगिक पट्ट्यांचा एकत्रित प्रदूषण निर्देशांक काढते. ७० च्या वर गुण गेले की पट्टा गंभीर प्रदूषित ठरतो. २००९ मध्ये तारापूरला ७२.०१ गुण होते. २०१८ च्या पाहणीत ते ९३.६९ झाले आणि तारापूर देशातील शंभर औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वर जाऊन बसले.

अरबी समुद्राचे बदललेले वागणे

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. पालघरला ते थेट आदळले नाही, तरीही बागा मोडल्या, घरांचे पत्रे उडाले आणि कित्येक गावांत वीज नव्हती. वर्षभरापूर्वी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा झोडपला होता. जुनी माणसे वादळ म्हटले की बंगालच्या उपसागराकडे बोट दाखवीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली आहे. अतितीव्र वादळांची वाढ त्याहूनही अधिक आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी तापले आहे आणि वादळाला बळ त्या उष्णतेतूनच मिळते. जगाच्या पातळीवर २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले.

घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच बागायतदारांना लांबलेल्या पावसात बुरशीने होणारी फळगळ सोसावी लागते. व्यापाऱ्याच्या अनुभवात हवामान येते ते निराळ्या वाटेने. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पट्ट्यात रूळ पाण्याखाली गेले, पश्चिम रेल्वेची वाहतूक कोलमडली, वसई-विरारमध्ये वीज बंद पडली. अशा दिवसांत पालघर-बोईसरहून मुंबईकडे जाणारा माल तिथेच थांबतो, मजूर पोहोचत नाहीत आणि सखल गोदामात तळाच्या थप्पीतील तागे भिजतात. विम्याचा अर्ज भरला जातो आणि पुढच्या वर्षी हप्ता वाढून येतो. हवामानबदल रोजमेळात अशाच नोंदींनी शिरतो, फक्त त्या नोंदीपुढे त्याचे नाव लिहिलेले नसते.

शेजाऱ्यांचे दोन खटले

सामान्य माणसांनी एकत्र येऊन काय होते, असा प्रश्न या जिल्ह्यात विचारण्याचे कारण नाही. त्याची दोन उत्तरे दारातच आहेत.

पहिले डहाणूचे. तेथे औष्णिक वीज प्रकल्प येणार म्हटल्यावर इराणी-पारशी बागायतदार आणि स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि उद्योगांसाठी फार तर ५०० एकर जमीन ठरवून दिली. अंमलबजावणी होत नाही म्हणून पुन्हा सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली. त्या न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. वीज प्रकल्प उभा राहिला, पण धुरातील गंधक काढणारी महागडी यंत्रणा त्याला प्राधिकरणाच्या आग्रहामुळे बसवावी लागली. डहाणूतील व्यापारीवर्गाने अनेक वर्षे या निर्बंधांबद्दल कुरकुर केली हेही खरे. उद्योग नाहीत, म्हणून बाजारपेठ वाढत नाही, ही त्यांची तक्रार. बोईसर वाढले आणि डहाणू मागे राहिले, असे दोन्हीकडे म्हटले जाई. निर्देशांकाचा ९३.६९ हा आकडा आल्यावर या तुलनेचा सूर थोडा बदलला.

दुसरे उत्तर नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे या किनाऱ्यावरील गावांचे. तेथील मांगेला मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. औद्योगिक सांडपाण्याने खाड्या आणि किनारा नासला, हा दावा. दिवसाला अडीच कोटी लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्राकडे क्षमतेहून जास्त सांडपाणी येत होते. पुढे पाच कोटी लिटरचे नवे केंद्र उभारले गेले. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर आणि प्रक्रिया केंद्रावर कोट्यवधी रुपयांची पर्यावरणीय भरपाई लादली. प्रकरण त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. मंचावर न येणाऱ्या, वकिलांची फी वर्गणीतून भरणाऱ्या एका छोट्या समाजाने देशातील मोठ्या औद्योगिक वसाहतीला हिशेब मागितला, ही गोष्ट शिल्लक उरते.

येथे जैन वाचकाच्या मनात एक अडखळ येणे स्वाभाविक आहे. मासेमारी हा हिंसेवर आधारलेला व्यवसाय. त्याच्या रक्षणासाठी चाललेल्या लढ्याची बाजू श्रावकाने कशी घ्यावी? प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. परंतु जाळ्यात सापडणारे जीव मोजता येतात. आम्ल आणि रंग मिसळलेल्या खाडीत मरणाऱ्या जीवांची गणती नाही, आणि त्यांतील बहुतेक तर डोळ्यांना दिसतही नाहीत. दिसत नाहीत अशा जीवांसाठीच तर नळाला वस्त्र बांधले जाते.

पंधरा व्यवसायांची यादी

अहिंसेचा आचार स्वयंपाकघरापुरता आहे असा समज अलीकडचा असावा. श्रावकाच्या बारा व्रतांतील सातवे, भोगोपभोग-परिमाण व्रत, थेट दुकानात शिरते. त्याच्या अतिचारांत पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे ज्या व्यवसायांतून फार मोठ्या प्रमाणावर कर्मबंध होतो ते व्यवसाय. प्रतिक्रमणात ती आजही उच्चारली जातात. अंगारकर्म, म्हणजे भट्ट्या पेटवून चालणारा धंदा. वनकर्म, म्हणजे जंगल तोडून केलेली उपजीविका. शकटकर्म आणि भाटककर्म, गाड्या बनवणे आणि भाड्याने चालवणे. स्फोटकर्म, जमीन फोडणे. विषवाणिज्य, विषारी पदार्थांचा व्यापार. यंत्रपीडन, दवदान म्हणजे वणवे लावणे, आणि तळी-सरोवरे आटवणे.

ही यादी आजच्या भाषेत वाचली तर ती कोळसा, जंगलतोड, वाहतूक, खाणकाम, रसायने आणि पाण्याचा उपसा यांची होते. हवामानबदलाच्या कारणांवरील कोणत्याही अहवालाची अनुक्रमणिका फारशी वेगळी नसते. प्राचीन आचार्यांना कार्बन डायऑक्साइड ठाऊक होता, असा दावा करणे हास्यास्पद ठरेल; असे दावे करण्याची हौस असणाऱ्यांपासून चार हात दूर राहिलेलेच बरे. त्यांची दृष्टी जीवहिंसेची होती. पण गृहस्थाचे सर्वांत मोठे ओझे त्याच्या ताटात नसून त्याच्या उदिमात असते, एवढे त्यांनी ओळखले होते.

आजच्या व्यापारी कुटुंबाने कंदमूळ सोडले, रात्रीचे जेवण सोडले, पर्युषणात हिरवी भाजी सोडली. धंद्याकडे मात्र ती नजर वळली नाही. भट्टी बंद करा असे व्रतही गृहस्थाला सांगत नाही. परिमाण ठरवा, मर्यादा घाला, एवढेच ते म्हणते. आणि मर्यादा घालायची तर आधी मोजावे लागते.

बॉयलरचे गणित

ताशी दोन टन वाफ देणारा एक मध्यम बॉयलर घ्यावा. तो दिवसाला वीस तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालतो असे धरावे. एक किलो कोळशातून पाच किलो वाफ निघाली तर दिवसाला आठ टन कोळसा लागतो, वर्षाला २,४०० टन. टनामागे साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला ३,६०० टन.

आता त्याच कुटुंबाच्या राहत्या घरावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले, असे समजू. दिवसाला सुमारे बारा युनिट, वर्षाला सव्वाचार हजारांच्या आसपास. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी पाऊण किलोच्या आत-बाहेर कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा घरच्या छपरामुळे वर्षाला सुमारे तीन टन वाचतात. चांगली गोष्ट आहे, करावीच. पण बॉयलरच्या इंधनात केवळ एक टक्का बचत झाली तर ३६ टन वाचतात. म्हणजे बारा छपरे.

आणि ही एक टक्का बचत कुठल्या चमत्काराने व्हायची नसते. ऊर्जा लेखापरीक्षकांचे साधे आडाखे आहेत. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंशांनी अधिक गरम मिळाले की इंधन एक टक्क्याने कमी लागते. धुराड्यातून जाणाऱ्या वायूचे तापमान सुमारे बावीस अंशांनी उतरवले की आणखी एक टक्का. यंत्रांतून काम करून बाहेर पडलेली वाफ गार होऊन गरम पाणी बनते आणि कित्येक ठिकाणी ते सरळ गटारात जाते. तेच पाणी नळी टाकून परत आणले आणि बॉयलरच्या टाकीतील पाणी ३० अंशांवरून ६० वर गेले, तर पाच टक्के. वरील उदाहरणात १२० टन कोळसा, म्हणजे १८० टन कार्बन डायऑक्साइड, साठ घरांच्या छपरांइतका. कोळशाचा भाव टनाला आठ हजार रुपये धरला तर वर्षाला ९ लाख ६० हजार रुपये. गळणारे स्टीम ट्रॅप, उघड्या पडलेल्या वाफेच्या नळ्या, हवेच्या कॉम्प्रेसरवर गरजेपेक्षा जास्त ठेवलेला दाब हे सगळे त्याच वहीतले. कॉम्प्रेसरचा दाब एक किलोने खाली आणला तरी विजेत सहा ते दहा टक्के फरक पडतो. रविवारी कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवून कान दिला तर गळती कुठे आहे ते ऐकूही येते.

ज्या पाण्याला पुन्हा बॉयलरकडे आणले ते नवापूरला जात नाही. ज्या जलाशयाचे पाणी त्याच जलाशयात, या जुन्या नियमाच्या जवळ जाणारी कारखान्यातील गोष्ट हीच असावी.

बहुसंख्य वाचकांचा कारखाना नाही, बॉयलर नाही. त्यांच्या हातात काय आहे? कापडाच्या व्यापाऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे. तो भिवंडीचे ग्रे कापड तारापूरच्या प्रोसेस हाऊसला जॉबवर्कसाठी देतो. बोलणी तीन गोष्टींवर होतात: मीटरचा दर, माल कधी मिळेल, उधारी किती दिवसांची. रंगाईची यंत्रे कोणती, कंडेन्सेट परत येते का, सांडपाण्याचा मीटर आहे का, टँकर कुठे जातो, हे विचारले जात नाही. मीटरमागे दहा पैसे स्वस्त मिळणारा दर कधी कधी नाल्यात रिकाम्या झालेल्या टँकरमधून येतो, हे बाजारात सगळ्यांना माहीत असते. दोन-चार मोठ्या ग्राहकांनी हे प्रश्न विचारायला सुरुवात केली तर प्रोसेस हाऊसला उत्तरे तयार ठेवावी लागतील. रंग-रसायनांच्या पुरवठादाराचेही तसेच. कुणाला किती माल जातो आणि त्याची सांडपाण्याची व्यवस्था काय, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

हे धर्मासाठीच करावे असेही नाही. आता बाजारच ते मागू लागला आहे. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आदी मालावर कार्बनची सीमा-आकारणी आणली. ऑक्टोबर २०२३ पासून तिचा अहवालाचा टप्पा होता, जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा. तारापूरहून पोलाद निर्यात करणाऱ्याला टनामागचा कार्बन सांगावा लागतो आणि तो आकडा तो आपल्या छोट्या पुरवठादारांकडून मागणार. ज्याच्याकडे कोळशाची आणि विजेची महिन्यावार नोंद आहे, तो उत्तर देऊ शकेल.

संघाचे छप्पर

एकट्या कुटुंबाला जे जड जाते ते संघाला किंवा व्यापारी मंडळाला सोपे असते. ऊर्जा लेखापरीक्षक एका छोट्या कारखान्यासाठी परवडत नाही; दहा कारखान्यांनी मिळून बोलावला तर परवडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरासाठी तीन किलोवॉटपर्यंत ७८ हजार रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार मिळतात. बोईसर-पालघरच्या सोसायट्यांत लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांचे बिल सर्वांनाच भरावे लागते, तरी सर्वसाधारण सभेत हा विषय पार्किंगच्या वादाखाली दबून जातो.

संघांच्या आवारात एक गमतीची विसंगती दिसते. उपाश्रयात साधू-साध्वी विजेला स्पर्श करीत नाहीत, पंखा नाही, दिवा नाही. आणि त्याच आवारातील भोजनशाळेत शेकडो माणसांचा स्वयंपाक गॅसवर, मोठ्या पंख्यांखाली, फ्रीजच्या रांगेसह चालतो. घरगुती वजनाचा एक गॅस सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ सौर तबकड्यांवर वाफ करून अन्न शिजवले जाते. ते तंत्र मोठ्या भोजनशाळांना नवे नाही.

लग्नांचे बोलायचे तर रात्रीभोजन-त्यागाचा नियम खरे म्हणजे कामाचा आहे. दुपारच्या लग्नाला रोषणाई लागत नाही. १२५ केव्हीएचे जनित्र मध्यम भारावर तासाला वीसेक लिटर डिझेल पिते. सहा तासांत १२० लिटर, म्हणजे ३२० किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड, एका संध्याकाळी. जेवण सूर्यास्तापूर्वी आणि स्वागतसमारंभ रात्री अकरापर्यंत, अशी तडजोड रूढ झाली आहे. तिच्यात व्रत पाळले गेले आणि जनित्रही चालले.

समाजाची सामुदायिक ताकद किती आहे, हे शंका घेण्यासारखे नाही. शांतिलाल मुथा यांनी १९८५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या भारतीय जैन संघटनेने १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर बाराशे मुलांना पुण्यात आणून शिकवले. २०१८ मध्ये याच संघटनेने बुलढाणा जिल्ह्यात सुजलाम सुफलाम हे काम उभे केले. संघटनेने शंभराहून अधिक जेसीबी आणि पोकलेन दिले, इंधनाचा खर्च सरकारने उचलला, तलावांतून निघालेला गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने शेतात नेला. तळी आटवणे कर्मादानात असेल तर तळी भरण्याची सोय करणे हे त्याच्या नेमके उलटे. यंत्रांनी डिझेल जाळले, हे खरेच. पण साठलेल्या पाण्याने पुढच्या उन्हाळ्यातील टँकरच्या फेऱ्या टळतात.

बुलढाण्यासाठी वर्गणी देणारा व्यापारी बोईसरच्या नाल्याबद्दल गप्प का राहतो, याचे कारण ओळखणे अवघड नाही. बुलढाण्यात त्याचा ग्राहक नसतो. बोईसरमध्ये प्रश्न विचारावा तर तो सकाळी दुकानात भेटणाऱ्या माणसाला, कदाचित व्याह्याला, कदाचित स्वतःलाच विचारावा लागतो. दान दूर देणे सोपे असते.

एवढ्या लहान माणसाने काय फरक पडणार, हा नेहमीचा आक्षेप. भारतीयाचे सरासरी दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. मग पहिले पाऊल श्रीमंत देशांनी उचलावे, हे म्हणणे न्यायाला धरून आहे. मात्र वर्षाला ३,६०० टन धूर सोडणाऱ्या बॉयलरच्या मालकाला हा आक्षेप वापरता येत नाही. तो त्याच्या कामगाराला वापरता येईल.

वाढवणची गोदामे

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६,२२० कोटी रुपयांचा हा प्रकल्प. १९९८ मध्ये डहाणू प्राधिकरणाने नाकारलेल्या बंदराला त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अटींसह परवानगी दिली. मच्छीमार आणि बागायतदारांचा विरोध थांबलेला नाही. बाजारात मात्र बंदर धरूनच पुढचे हिशेब मांडले जात आहेत. मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग, महामार्ग, बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक आणि आता बंदर. गोदामांना मागणी येणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्यांतील बरीच गोदामे या मासिकाच्या वाचकांच्या मालकीची किंवा भाड्याची असतील.

गोदाम म्हणजे मुख्यतः छप्पर. त्याचा लोखंडी सांगाडा सौर पॅनेलचा भार पेलेल इतका मजबूत ठेवायचा की नाही, छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत न्यायचे की रस्त्यावर सोडायचे, जोते जुलै २०१८ च्या पाण्याच्या रेषेपेक्षा किती वर घ्यायचे, खाडीलगतची भरणी खारफुटीपासून किती दूर ठेवायची, हे सगळे आराखड्यातच ठरते. खारफुटीभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. पॅनेल पंचवीस वर्षे चालते. सांगाडा हलका बांधला गेला तर नंतर तो बळकट करण्याचा खर्च कुणी करत नाही, असा बांधकामवाल्यांचा अनुभव आहे. म्हणून आर्किटेक्टला हे सांगायचे ते पहिल्या बैठकीत, जमिनीचा व्यवहार पुरा होऊन नकाशा मंजुरीला जाण्याच्या आधी.